बोटीच्या फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

आमच्या गावातून बोटीत बसलेला मी पहिला माणूस, आणि बहुधा शेवटचाही. शिरूर कासार तालुक्यातल्या गावाने एखाद्याला बोटीने पाठवायचं यात हसण्यासारखं जे काही आहे, ते आमच्या लोकांनी तेव्हाच पोटभर हसून घेतलं. “शिक्रेटरी, टँकरमागं पळून पळून पाय झिजले तुमचे, आता पान्यावरनं चालून या,” असं कुणीतरी पारावर म्हणालं आणि ते आठवडाभर पुरलं. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. लोक शिक्रेटरी म्हणत, वयाने लहान असलेले नाना म्हणत.

आदल्या वर्षी दुष्काळ पडला होता. आमच्या संस्थेने पाच महिने चारा छावणी चालवली. जिल्ह्याच्या दूध संघाला वाटलं, ज्या संस्थांनी जनावरं जगवली त्यांच्या सचिवांचा काहीतरी मान करावा. मान म्हणजे अभ्यास दौरा. मुंबईहून बोटीने गोव्याला जायचं, तिथली एक डेअरी बघायची, बोटीनेच परत यायचं. दुष्काळात काम केल्याचं बक्षीस म्हणून समुद्र दाखवायचा, ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. पण मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, नवीन शर्ट इस्त्री करून आठ दिवस आधीच ठेवला होता.

आमच्याकडे माणूस गावाबाहेर कुठे मानाने निघाला की आधी त्याचा सत्कार होतो. काम करून आल्यावर नाही, जाण्याआधी. पोरगा परीक्षेला निघाला तरी शाल, नारळ, फेटा. माझाही झाला, दूध संकलनाच्या ओट्यावरच. दोन भाषणं झाली. त्यातल्या एकात माझं वर्णन ‘गावाचा झेंडा सातासमुद्रापार’ असं झालं, खरं तर मी गोव्यापर्यंतच चाललो होतो. गर्दीत एक म्हातारी होती. तिला मी मावशी म्हणायचो. ती पुढे आली, माझ्यावरून दोन्ही हात ओवाळून तिने कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, “समिंदराचं पानी खारं असतंय म्हनं?”

“होय मावशी. पिता येत नाही.”

“मंग इतकं कशाला ठिवलंय देवानं?”

सगळे हसले. मीही हसलो. या मावशीचा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर कारखान्यावर ऊस तोडायला जायचे ते गुढीपाडव्यानंतरच परत यायचे. मागे ती एकटी आणि तिची म्हैस. छावणीत ती त्या म्हशीशेजारी पाच महिने राहिली, ताडपत्रीखाली, बाजेवर. दुपारी मी वैरणीच्या गाड्या मोजून थकलो की ती हाक मारून भाकरी द्यायची, वर ठेचा. “खा बाबा, तुजं बी कुनी हितं न्हाई,” म्हणायची. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, हे तिला माहीत होतं. पण तिला कुणाला तरी जेवू घालायचं असायचं.

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी माझं अंग दुखायला लागलं. घसा खवखवत होता, संध्याकाळी कणकण आली. त्या दिवसांत टीव्हीवर नव्या रोगाचं रोज चालू होतं, पण तो विमानातून येणाऱ्यांचा रोग होता. आमचा काय संबंध? बायको म्हणाली, “जाऊ नका.” मी म्हणालो, “अगं, सत्कार झालाय.” तिला ते पटलं नाही, पण नारळ-शाल घेतलेला माणूस घरी पांघरूण घेऊन पडला, तर पुढची दहा वर्षं गाव त्याला काय म्हणेल हे तिलाही ठाऊक होतं. मी बीडच्या स्टँडजवळ तापाच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं आणि संघाच्या बसमध्ये चढलो.

बंदरावर आमची रांग लागली. तोवर बोटवाल्यांवर सरकारची बंधनं आली होती. प्रत्येकाच्या कपाळावर ताप मोजायची ती पांढरी बंदूक धरत होते आणि प्रत्येकाला एक फॉर्म भरून द्यायचा होता. गेल्या चौदा दिवसांत परदेशातून आलात का? परदेशातून आलेल्या कुणाला भेटलात का? ताप, खोकला, घसादुखी आहे का? ज्याला ताप असेल त्याला बोटीवर घेणार नाहीत, असं एक मुलगी तोंडाला मास्क लावून तीन भाषांत सांगत होती. मी अर्धा तास आधीच एक गोळी घेतली होती. रांगेत उभं राहून दुसरी घेतली. माझ्यापुढे दोन माणसं सोडून एक म्हातारं जोडपं होतं, पायांत नवे कोरे बूट. त्या गृहस्थांच्या कपाळावर बंदूक धरली, पुन्हा धरली, बाजूला बसवून पाणी दिलं, पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा धरली. ताप होता. ते भांडले नाहीत. कुणाची ओळख काढली नाही. “चल, घरी जाऊ,” एवढंच बायकोला म्हणाले आणि दोघं बॅग ओढत निघून गेले.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते आज लिहायला लाज वाटते. माझ्या मनात आलं, येडं दिसतंय, गोळी खाऊन यायचं कळू नये?

माझ्या कपाळाने मला दगा दिला नाही. फॉर्मवर मी तिन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. गावातले निम्मे अर्ज मीच लिहून देतो. खाली सही केली, शेजारी सवयीने ‘सचिव’ असंही लिहिलं.

बोटीवर मी समुद्र किती पाहिला? चढताना पाच मिनिटं आणि उतरताना पाच मिनिटं. मधल्या वेळात मी खोलीत पडून होतो, आणि आमच्या खोलीला खिडकी नव्हती. गोळीचा असर उतरला की अंगात थंडी भरायची. बाहेर त्यांनी पोहण्याचा तलाव बंद ठेवला होता, नाचगाणं रद्द केलं होतं, जेवण हातमोजे घातलेली पोरं वाढत होती, दारोदार हातावर ते गार औषध टाकत होते. एवढ्या सगळ्यांनी एवढी काळजी घेतली ती माझ्यासारख्या एकापासून वाचण्यासाठीच, आणि मी आत पांघरुणात खोकला दाबत पडलो होतो. बोटीवर डॉक्टर होता. त्याला कळलं असतं तर आमच्या सगळ्या दौऱ्यालाच अडकवून ठेवलं असतं, म्हणून मी खोलीतल्या सोबत्याला सांगितलं, बोट लागली, मळमळतंय. गोव्याची डेअरी बाकीच्यांनी पाहिली. मी बसमध्ये झोपलो.

मुंबईला उतरताना सगळ्यांना एकेक कागद दिला. चौदा दिवस घरात थांबा, वेगळ्या खोलीत झोपा, कुणात मिसळू नका, ताप आला तर या नंबरवर कळवा. दोनच दिवसांनी त्या बोटी बंद झाल्या.

तो कागद बायकोने माझ्या खिशातून काढला, धुण्याआधी. वाचला. घोंगडी आणि तांब्या माडीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चप्पल घालत होतो तेव्हा दारात आडवी आली.

“समद्या गावाचं लिवलेलं वाचून दाखवता. ह्ये वाचता येत न्हाई का तुमाला?”

“आता ताप नाही मला. आणि दूध कोण घेणार?”

“चेअरमनला सांगा.”

“त्याला फॅटचं मशीन चालू करता येत नाही.” हे खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. गाव ओट्यावर वाट पाहत होतं. मला बोट सांगायची होती.

आणि मी सांगितली. त्या सकाळी साठ-सत्तर माणसं कॅन घेऊन आली होती, दूध घालून झालं तरी एकही हलला नाही. न पाहिलेला समुद्र मी असा सांगितला की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. मधून मधून खोकत होतो. “बोटीतल्या एसीनं घसा धरला,” म्हणालो, तर लोकांना त्याचंही कौतुक वाटलं. आमच्याकडे दूध घेताना ते वासाने आणि चवीने बघायची पद्धत आहे. मापातले दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि जिभेला लावायचे. मशीन आलं तरी माझी ती सवय गेली नव्हती. मी प्रत्येकाच्या कॅनमध्ये माप बुडवत होतो, हात चाटत होतो, तोच हात धोतराला पुसून पुढचं माप धरत होतो. मावशी सगळ्यांत पुढे बसली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिने दोनदा विचारलं, पाणी किती होतं. मी दोनदा सांगितलं.

चौदा दिवसांतला एकही दिवस मी घरी थांबलो नाही.

मग सगळंच बंद झालं. बंदराबाहेर अडवलेल्या बोटी टीव्हीवर दाखवत, एकही देश त्यांना काठाला लागू देत नव्हता आणि आतली माणसं कठड्याला धरून उभी असायची. मी ओट्यावर म्हणायचो, बरोबर केलं, नियम म्हणजे नियम. गावाने एक समिती केली, बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष ठेवायला. शिकलेला, जग पाहिलेला माणूस म्हणून तिची सगळी सूत्रं माझ्याकडे आली. मी ती आनंदाने घेतली. गावाच्या तिन्ही वाटांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. लेकीला भेटायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला मी वेशीवरून परत पाठवलं आणि वर त्याला चार शब्द सुनावले.

आतून मात्र मी रोज सकाळी मोजत होतो. ओट्यावर कोण आलं नाही, कुणाचा कॅन दुसऱ्याच्या हाती आला, कुणाला शिंक आली. कुणी दोन दिवस दिसलं नाही की मी त्याच्या घरावरून चक्कर मारून यायचो. देवाची कृपा म्हणा, कुणालाही काही झालं नाही. मला झालेला ताप तोच होता की साधा, हे मला अजूनही माहीत नाही. तपासलंच नाही तर कळणार कुठून? पण तेव्हा मला खात्री होती की तो तोच होता, आणि आज ना उद्या गावात कुठेतरी उगवणार होता.

अशा वेळी ऊसतोडीची माणसं परत आली. कारखान्यावर अडकून पडली होती, सरकारने सोडल्यावर ट्रकने आली. जिल्ह्याच्या हद्दीवर तपासणी झाली, हातात दाखले होते. अकरा जोड्या, म्हणजे बावीस माणसं. त्यात मावशीचा मुलगा आणि सून. वरून हुकूम होता की चौदा दिवस त्यांना गावाबाहेर वेगळं ठेवा. आम्ही त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. मैदानावर मी स्वतः चुन्याची रेघ मारली. रेघेच्या अलीकडे घरच्यांनी भाकरी ठेवायची, मागे सरायचं, मग पलीकडच्यांनी येऊन उचलायची. रेघ मारताना मला बरं वाटलं. मनावरचं ओझं हलकं झालं, आणि ते का हलकं झालं हे मला तेव्हाही कळत होतं. आता गावात रोग निघाला असता तर तो शाळेतून आला असं सगळे म्हणाले असते. मीही म्हणालो असतो.

मावशी आठवडाभर आधीपासूनच अंथरुणाला खिळली होती. तिला दम्याचा जुना त्रास. तालुक्याच्या डॉक्टरने बघून सांगितलं होतं की हा नवा रोग नाही, वय झालंय, छाती थकली आहे. शेजारीण तिला पेज पाजायची. मुलगा आल्याचं कळलं तेव्हा ती उठून बसली म्हणे. मग त्याला यायला चौदा दिवस लागणार हे कळल्यावर पुन्हा आडवी झाली.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा श्वास लागला. बातमी शाळेत पोहोचली. मुलगा रेघेपाशी येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, उन्हाने काळवंडलेला गडी, हातावर कोयत्याचे घट्टे. मला हाक मारली.

“नाना, आईचं लई झालंय म्हंत्यात. एकडाव बगून येऊ द्या.”

“बाबा, चौदा दिवस व्हायचेत.”

“घरात न्हाई जात. अंगनातनं बगतो. त्वांड बांधून जातो. कुनाला शिवत न्हाई.”

“आज तुला सोडलं तर उद्या एकवीस जण रेघेवर येतील. कुणाकुणाला नाही म्हणू?”

“मला ताप न्हाई, खोकला न्हाई. हद्दीवर तपासलंय. ह्यो बगा दाखला.” त्याने कागद रेघेवरून पुढे केला. तो खरा होता. त्यावर लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

मी तो हातात घेतला नाही. म्हणालो, “नियम मला पण आहे, तुला पण आहे. माझा भाऊ असता तरी मी सोडला नसता.”

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. रेघ म्हणजे काय, चुन्याची फक्की. पाय टाकला असता तर कोण धरणार होतं त्याला? पण तो म्हणाला, “तुमी म्हंता तर ऱ्हातो, नाना. तुमाला जास्त कळतंय.” आणि मागे जाऊन वर्गाच्या पायरीवर बसला.

घरी आलो तर बायकोला आधीच कळलं होतं. तिने ताट वाढलं आणि म्हणाली, “जाऊ द्या त्याला. तुमीच सांगा, जाऊ द्या.” मी म्हणालो, समितीचा निर्णय आहे. ती म्हणाली, “समिती म्हंजे कोन? तुमीच ना?” मी जेवलो. तिने त्या दिवशी माझ्याबरोबर पान घेतलं नाही.

दुपारी मला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं. मी शेजारणीच्या मुलीच्या फोनवरून शाळेत फोन लावून दिला, तोंड दिसतं तसला. फोन धरायला मी मावशीच्या घरात गेलो. मी गेलो. मला कुणी अडवलं नाही. मावशी बाजेवर होती, डोळे अर्धे मिटलेले. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. त्यात तिचा मुलगा होता, बोटाएवढा. तो “आई, आई” म्हणत होता. तिला आवाज ऐकू आला, पण तो कुठून येतोय ते कळेना. ती दाराकडे बघायला लागली. मी म्हणालो, मावशी, इकडे बघा, ह्यात. तिने फोनकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं.

“आत ये की रं,” ती दाराकडे बघत म्हणाली. “इतक्या लांब कावून उबा ऱ्हायलास?”

फोनमध्ये तो रडायला लागला. तिने हात वर केला, माझं मनगट धरलं. तिला वाटलं तोच आहे. तिने माझ्या हातावरून हात फिरवला, घट्टे शोधल्यासारखा, आणि सापडले नाहीत म्हणून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवता उगवता ती गेली.

मग गावातली चार वडीलधारी माणसं माझ्याकडे आली. म्हणाली, एकुलता एक पोरगा आहे, अग्नी दुसऱ्या कुणी द्यायचा नाही. मी लगेच हो म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही, समितीला विचारलं नाही. बाकीचे लांब उभे राहतील, तो एकटा पुढे जाईल, असं ठरवून टाकलं. तो त्याच रेघेवरून चालत आला. त्याने पाणी पाजलं, तिच्या तोंडाकडे बघून घेतलं, सरणाला फेरी घातली, अग्नी दिला, आणि पुन्हा शाळेत जाऊन बसला, राहिलेले आठ दिवस. आदल्या दिवशी हीच माती आणि हीच माणसं होती. जिवंत आईजवळ जायला जो नियम आडवा आला तो मेलेल्या आईजवळ जायला का आला नाही, हे त्या गर्दीत मला कुणीही विचारलं नाही. रीत म्हटल्यावर आमच्याकडे कुणी विचारत नाही.

शाळेतल्या बावीस जणांपैकी एकालाही शेवटपर्यंत ताप आला नाही. चौदा दिवस झाल्यावर सगळे घरी गेले.

तो पुढे तोडीला गेला नाही. आईने छावणीत जगवलेली म्हैस होती, तिच्या जोडीला आणखी दोन घेतल्या, रोज दोन्ही वेळेला दूध घालायला लागला. माझ्याशी आदराने बोलायचा, पूर्वीपेक्षा जास्तच. मला वाटायचं, कधीतरी हा ओट्यावर माझी गचांडी धरेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो.

चार वर्षांनी माझं निवृत्तीचं वय झालं. वार्षिक सभेत काहीजण म्हणाले, आता नवीन माणूस नेमा. तेव्हा हा उठला. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. म्हणाला, “बोटीवरनं आल्यालं शिकल्यालं मानूस, त्यांनी ठरीवलं असतं तर कुनालाबी सोडलं असतं. माझी आई तितं शेवटच्या घटका मोजत हुती तरी त्यांनी नियम मोडला न्हाई. मला लई वाईट वाटलं तवा. पर त्यांच्यामुळं गाव वाचलं. असा सरळ मानूस आपल्याला मिळायचा न्हाई.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुदत आणखी दोन वर्षं वाढवली. मी व्यासपीठावर बसून होतो, मान खाली घालून, आणि लोकांना तो विनय वाटला.

घरी बायको म्हणाली, “आता तरी सांगा त्याला.” मी म्हणालो, सांगून काय होणार? ती म्हणाली, “तुमाला झोप लागंल.” मी तिचं ऐकलं. आयुष्यात उशिरा का होईना ऐकावं म्हणून ऐकलं, पण त्यातही मी माझीच झोप बघत होतो, हे मला नंतर कळलं.

एका दुपारी मी त्याच्या गोठ्यात गेलो. तो वैरण कापत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ताप, दोन गोळ्या, फॉर्म, खिडकी नसलेली खोली, खिशातला कागद, चौदा दिवस ओट्यावर बसून सांगितलेला समुद्र, त्याची आई हातभर अंतरावर. आणि रेघ मी का मारली, तेही. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, निदान विळा तरी आपटेल. त्याने विळा हळूच भिंतीला टेकवून ठेवला.

“चार वर्सं म्या सोताला सांगत आलो, नाना,” तो म्हणाला. “म्हनलं, नियम समद्यांला सारखा हुता. मंग कुनावर राग धरायचा? असं म्हनलं की झोप लागायची.”

मी त्याच्याजवळ निदान एवढं तरी राहू द्यायला हवं होतं. तेही मी त्या दुपारी काढून घेतलं, आणि त्याच्या बदल्यात मला काही मिळालं असंही नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला. त्याला दुसरं काही विचारायचं होतं.

“तुमी समद्यांत हिंडला. कुनाला काय झालं का तुमच्यापायी?”

“न्हाई,” मी म्हणालो.

“एकालाबी न्हाई?”

“न्हाई.”

तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“मंग म्या गेलो असतो तर झालं असतं का, नाना?”

या वेळी मी खोटं बोललो नाही. म्हणालो, “न्हाई. काय बी झालं नसतं.”

“बरं,” तो म्हणाला, आणि विळा उचलून पुन्हा वैरण कापायला लागला.